चकलीचा करार

व्हिएन्नाला ओपेकची बैठक भरली, अशी बातमी वाचली की मला आमच्या मालाडच्या चाळीतली गॅलरी आठवते. गणपती गेले की तिथेही अशीच बैठक भरे. फरक एवढाच, की त्यांच्याकडे तेल असतं आणि चकल्या नसतात. आमच्याकडे चकल्या असत आणि पामतेल रेशनच्या रांगेत असे.

ओपेक १९६० च्या सप्टेंबरात बगदादला जन्मली, तेव्हा सभासद पाच : इराण, इराक, कुवेत, सौदी अरेबिया आणि व्हेनेझुएला. आमच्या चाळीतही दिवाळीचा फराळ करून विकणारी घरं पाचच. एकमेकींचे भाव पाडून सगळ्यांचंच नुकसान होतंय, हे ओळखून वरच्या मजल्यावरच्या काकूंनी १९८४ साली ठराव मांडला : चकली किलोला चोवीस रुपये, आणि प्रत्येक घरानं फक्त दहा किलो तळायच्या. माल बेताचा आला की भाव टिकतो. तेलवाल्यांचं शास्त्र तरी याहून वेगळं काय आहे? १९८२ पासून तेही कोटा ठरवून घेऊ लागले होते.

ठराव एकमतानं पास झाला. त्याच आठवड्यात आई मला म्हणाली, "दोन किलो जास्त केल्या तर कुणाला कळणार आहे? तू आपल्या ऑफिसात खपव."

मी पिशवीत खाली चकल्या आणि वर वर्तमानपत्र घालून निघालो. मालाड स्टेशनच्या जिन्यावर शेजारचे अण्णा भेटले. त्यांचीही पिशवी तशीच फुगलेली. आम्ही चर्चगेटपर्यंत फक्त हवेविषयी बोललो.

पण चोरी लपते थोडीच! रात्री बारानंतर तळणीचा वास कोणत्या खोलीतून येतो, हे काकूंना झोपेतही कळे. ओपेकसुद्धा नुसत्या सभासदांच्या शब्दावर विसंबत नाही. कुणी किती तेल काढलं याचे आकडे 'दुय्यम स्रोतां'कडून, म्हणजे बाहेरच्यांकडून घेते. थोडक्यात, वासच.

काकू मात्र बोलल्या नाहीत. भाव टिकावा म्हणून पुढल्या वर्षी त्यांनी स्वतःच्याच चकल्या दहावरून पाच किलोंवर आणल्या. सौदी अरेबियानं नेमकं हेच केलं. १९८० च्या सुमारास दिवसाला कोटीभर पिंपं तेल काढणारा तो देश १९८५ च्या उन्हाळ्यात पंचवीस लाखांच्या आसपास आला, आणि बाकीचे गुपचूप तळत राहिले! अखेर कंटाळून त्यानं तोट्या उघडल्या. तिशीच्या घरातला भाव १९८६ मध्ये दहा डॉलरांपर्यंत घसरला.

काकूंचा संयमही त्याच वर्षी संपला. त्यांनी लग्नकार्याची कढई काढली आणि चाळीस किलो चकल्या सोळा रुपयांनी विकल्या. आम्ही पगारदार घरं, आम्ही सोसलं. तळमजल्यावरच्या मावशी मात्र एकट्या. दिवाळीच्या कमाईतून त्या मुलाची कॉलेजची फी भरत. त्यांच्या दहा किलो चकल्या डब्यात तशाच पडून राहिल्या. दहाच! करार पाळणारं चाळीतलं ते एकमेव घर होतं.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी काकू आमच्या दारात उभ्या राहिल्या. "मावशींच्या चकल्या चोवीसनं घ्यायच्यात. तुम्ही किती?"

आईनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "दोन किलो."

अण्णांकडेही दोनच घेतल्या. त्या आम्ही तुळशीच्या लग्नापर्यंत खाल्ल्या.

ओपेकनं २०१६ साली रशियासारख्या बाहेरच्या देशांनाही करारात घेतलं. २०२० च्या मार्चमध्ये रशिया आणि सौदीचं बिनसलं; एप्रिलमध्ये दिवसाला ९७ लाख पिंपांची कपात ठरवून मिटलं. तरी त्याच महिन्याच्या २० तारखेला अमेरिकेत तेलाचा वायदा शून्याच्याही खाली गेला. त्या टेबलाभोवती मंत्री पुष्कळ असतात. तळमजल्यावरची मावशी असते की नाही, ते बातमीत येत नाही.

आमचा पुढल्या दिवाळीचा कोटा नऊ किलोंचा ठरला. रात्री बारानंतर मी मुद्दाम गॅलरीत जाऊन खोल श्वास घेतला. वास नव्हता. अण्णाही तिथेच उभे होते, श्वास घेत.