बुधवारी आणि शुक्रवारी

माझ्या भाच्याने पाळलेल्या सापाचं नाव चकली. हे बेळगावात कुणालाही सांगितलं की माणसं आधी हसतात आणि मग दोन पावलं मागे सरकतात. पण हा साप इथला नाही. ताई अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या कॅरी या गावात राहते. गेल्या उन्हाळ्यात तिचं दुसरं बाळंतपण आणि आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन एकाच महिन्यात आलं, आणि आईच्या जागी माझी रवानगी झाली. बाळंतपणातलं मला काय कळतंय, असं मी म्हणून बघितलं. "भांडी घासायचं कळतंय की नाही? मग जा," आई म्हणाली.

विमानतळावरून घरी जाताना ताईने हळूच सांगितलं, "चिनूच्या खोलीत एक साप आहे. लहान आहे. बोंबलू नको."

मी बोंबलले नाही, पण त्या रात्री झोपलेही नाही. आमचं आजोळ खानापूर तालुक्यात. भाताची शेतं, मागे रान, पावसाळ्यात परसात कधी काय निघेल याचा नेम नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही चार नावं आम्ही पाढ्यांच्या आधी शिकलो. साप म्हणजे ओरडायचं, लांब व्हायचं आणि मोठ्या माणसाला हाक मारायची. काचेच्या पेटीत ठेवून त्याला नाव द्यायचं, हे आमच्या हिशेबात कुठे बसत नव्हतं.

सकाळी चिनूने मला पेटीपाशी नेलं. खाली लाकडाचा भुसा, एका कोपऱ्यात पाण्याचं भांडं, दोन बाजूंना दोन छोट्या ढोल्या. एक बाजू उबदार, साधारण तीस अंश, दुसरी त्यापेक्षा गार. सापाला ऊब हवी तेव्हा इकडे, नको तेव्हा तिकडे. ढोलीत वेटोळं घालून बसलेलं पिल्लू दीड फुटाचं, माझ्या करंगळीपेक्षा बारीक, केशरी अंगावर काळ्या कडांचे तांबडे ठिपके. अगदी तेलातून नुकती काढलेली चकली. नाव चिनूनेच ठेवलं होतं. नर की मादी ते माहीत नसताना त्याने "ती" ठरवून टाकलं होतं.

याला कॉर्न स्नेक म्हणतात. अमेरिकेच्या आग्नेय भागातला हा मूळचा साप. म्हणजे त्या घरात खरा स्थानिक रहिवासी तोच, आम्ही सगळे पाहुणे. विष नाही, उंदराला विळखा घालून मारतो. त्याच्या नावाच्या दोन कथा सांगतात. पोटावर मक्याच्या रंगीत कणसासारखी चौकट असते म्हणून, किंवा मक्याच्या कणग्यांपाशी उंदरांच्या मागावर सापडायचा म्हणून. दुसरी कथा ऐकल्यावर मला आजोळची धामण आठवली. भाताच्या कणगीखाली ती दिसली तर आजी काठी घेऊ द्यायची नाही. "असू दे, उंदीर खातीय," म्हणायची. हीच आजी धामण गाईच्या पायाला विळखा घालून दूध पिते असंही सांगायची, ते सोडा. साप दूध पीत नाहीत. पण पंचमीला झोका आणि तंबिटाचे लाडू मिळत असताना हा वाद कोण घालणार?

पेटीवर एक कागद चिकटवला होता. रविवारच्या मराठी शाळेत शिकलेल्या अक्षरात तीन रकाने: जेवन, कात, हात. मी जेवणचा ण सुधारायला गेले तर म्हणाला, "मावशी, स्पेलिंग इम्पॉर्टंट नाही, डेट इम्पॉर्टंट आहे."

मला नवल वाटलं ते तिसऱ्या रकान्याचं. साप घरी आणून तीन आठवडे होत आले होते आणि तो रकाना रिकामा होता. अकरा वर्षांच्या पोराने हट्ट करून साप मिळवला आणि त्याला एकदाही हात लावला नाही! त्याचं उत्तर तयार होतं. नवीन जागी आलेलं पिल्लू घाबरलेलं असतं. त्याला आधी आठवडाभर नुसतं राहू द्यायचं, मग दोन-तीन जेवणं नीट पचू द्यायची, मग हात. आम्ही पाहुण्यांच्या घरी पोचल्या पोचल्या गाल ओढून घेतलेली माणसं. हा विचार आमच्या कुणाच्या डोक्यात यायला नको का?

तिसरं जेवण पचल्यावर वेळापत्रक सुरू झालं. रविवारी मराठी शाळेहून आला की बर्फात गोठवलेलं उंदराचं पिल्लू कोमट पाण्यात ठेवून वितळवायचं (वेगळं भांडं, वेगळा चिमटा, आणि स्वयंपाकघरात नाही, हे ताईचं कलम) आणि चिमट्याने पुढे धरायचं. सोमवार-मंगळवार हात लावायचा नाही. जेवणानंतर निदान अठ्ठेचाळीस तास. बुधवारी आणि शुक्रवारी पाच-पाच मिनिटं बाहेर काढायचं, टायमर लावून. डोळे दुधाळ निळे दिसले म्हणजे कात टाकायला आली, तिला नीट दिसत नाही, तो सगळा आठवडा सुट्टी.

"रोज का नाही?" मी विचारलं.

"रोज केलं तर ती स्ट्रेस होते, खात नाही. कधीच नाही केलं तर मोठी झाल्यावर हाताला घाबरते." मग जरा थांबून, "तिला आवडत नाही, मावशी. तिला फक्त कळतं की हात म्हणजे डेंजर नाही."

मला वाटत होतं की पाळलेला प्राणी म्हणजे प्रेम करणार. आमच्या गल्लीतला कुत्रासुद्धा माझी चाहूल लागली की शेपूट हलवतो. इथे सगळी मेहनत कशासाठी, तर समोरच्याने आपल्याला भ्यायचं थांबवावं म्हणून. एवढंच. आणि ते पोर त्यावर खूष होतं.

पहिल्या बुधवारी चकलीने त्याच्या हातावर घाण वासाचा द्रव सोडला, शेपटीचं टोक थरथरवलं. तो हलला नाही. वरून धरायचं नाही, कारण वरून येतो तो ससाणा. बाजूने, पोटाखालून हात सरकवायचा आणि तिला चालू द्यायचं, एका हातावरून दुसऱ्या हातावर. दुसऱ्या आठवड्यात ती त्याच्या बोटांमधून अशी फिरली की जणू रानातल्या फांद्याच.

बाळ आलं आणि घर उलटंपालटं झालं. गावातली मराठी मंडळी डबे घेऊन यायला लागली आणि प्रत्येकाला बाळ हातात घ्यायचं होतं. ताई दमून जायची. "आत्ता पाजलंय, हलवू नका हो," हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा म्हणायची. चिनूला मात्र सोफ्यावर बसून, मांडीवर उशी ठेवून, तीन मिनिटं. शिवाय डॉक्टरांनी बजावलं होतं की सापाच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो, लहान बाळाला धोका असतो. त्यामुळे चकलीला शिवला की साबणाने हात, कपडे बदल, मगच बाळाच्या खोलीत. एका रात्री ताई आणि भावजी हळू आवाजात बोलत होते, साप कुणाला देऊन टाकावा का म्हणून. चिनूची खोली शेजारीच आहे. त्याने ऐकलं असणार, कारण दुसऱ्या दिवसापासून तो न सांगता दोनदोनदा हात धुवायला लागला.

आता माझी गोष्ट सांगते.

तो सोमवार होता. चिनू शाळेत, ताई आणि बाळ झोपलेले. सकाळचे साडेदहा, म्हणजे बेळगावात रात्रीचे आठ. आजीचा व्हिडिओ कॉल आला. पणतू बघून झाला आणि तिने विचारलं, "अगं, तो साप दाखव की. पोरगं नुसतं सांगत असतंय."

काचेतून दाखवला असता तर काही बिघडलं नसतं. पण चकली ढोलीत होती, आणि मला आजीपुढे मर्दुमकी दाखवायची होती. खानापूरच्या परसात किंचाळणारी नात आता साप हातात धरते! मी झाकण उघडलं, ढोली उचलली आणि भीतीने, अगदी ससाण्यासारखं, वरून धरलं. ती वळवळली तशी मी अजून घट्ट धरली. आजी तिकडे "अगं बाई, अगं बाई" करत शेजारणींना हाका मारायला लागली. एकेक जण येत गेली. पाच नाही, वीस मिनिटं झाली असतील. आदल्या दुपारचं जेवण तिच्या पोटात गाठीसारखं दिसत होतं. मी ते आजीला कौतुकाने दाखवलंसुद्धा.

मंगळवारी संध्याकाळी चिनूच्या खोलीतून हाक आली. पेटीत अर्धवट पचलेलं पिल्लू ओकून पडलं होतं. तो वास मी सांगत नाही. चकली गार कोपऱ्यात दबून बसली होती.

तो रडला नाही आधी. थर्मामीटर बघितला, पाणी बघितलं, कागद बघितला. मग म्हणाला, "शुक्रवारी मी सात मिनिटं घेतलं होतं. टायमर वाजला तरी." आणि मग रडला. लहान सापाने ओकणं साधं नसतं, पोटातला पाचक रसही बाहेर जातो. पुन्हा पुन्हा झालं तर पिल्लू मरतं. हे मला त्यानेच रडत रडत सांगितलं.

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. बोलले काहीच नाही.

दोन दिवस बोलले नाही. स्वतःला सांगत होते की ताई आधीच दमलीय, घरात कटकट नको, आणि कशाने झालं ते कुणाला ठाऊक. पण मला ठाऊक होतं. गुरुवारी त्याच्या खोलीत केर काढताना कागदावर हात या रकान्यात पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं: "माजी चूक." त्याच संध्याकाळी जेवताना तो ताईला म्हणाला की साप कुणाला द्यायचा असेल तर देऊया, मला नीट सांभाळता येत नाही.

पोळी घशाखाली उतरेना. ताटावरच सगळं सांगून टाकलं. ताईने माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा आठवीत गेले. चिनूने मात्र एकच विचारलं, "किती वाजता? किती मिनिटं?" मी सांगितलं. तो उठला, खोलीत गेला. मी मागून गेले तेव्हा तो रबराने "माजी चूक" खोडत होता. त्याजागी लिहिलं: सोमवार, १०:३०, २० मिनिटं, मावशी. राग नाही, शिवी नाही. नुसती नोंद. मला राग परवडला असता.

त्यानंतर चौदा दिवस उपास. पोट सुधारायला तेवढं थांबायचं, हात अजिबात लावायचा नाही, फक्त पाणी आणि ऊब. त्या दिवसांत भावजीसुद्धा कामावरून आले की आधी पेटीत डोकावायचे. देऊन टाकायची गोष्ट कुणी काढली नाही. पंधराव्या दिवशी नेहमीपेक्षा निम्मं पिल्लू पुढे धरलं. चकलीने बराच वेळ जीभ आतबाहेर केली आणि घेतलं. मग दोन दिवस आम्ही सगळे श्वास रोखून. ओकली नाही.

माझं परतीचं तिकीट त्याच आठवड्यातलं. निघायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, मी भीत भीत विचारलं, एकदा नीट, पोटाखालून, पाच मिनिटं घेऊ का? त्याने कागद बघितला. "अजून दोन जेवणं पचायला पाहिजेत, मावशी. सॉरी." विमानतळावर मात्र मिठी मारली, ती बरीच वेळ.

(वाचून कुणाला हुरूप आला असेल तर सांगून ठेवते. आपल्याकडचे साप पकडून घरी ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि धामण समजून उचललेली कोण निघेल याची खात्री नाही. परसात दिसला तर लांबूनच बघा.)

मागच्या महिन्यात आजी आमच्याकडे राहायला आली होती. व्हिडिओ कॉल लागला. बाळ आता बसायला शिकलंय, ते बघून झालं. मग आजी म्हणाली, "चिनू, तुझी चकली कुठाय? काढ की बाहेर, बघू."

तिकडून तो म्हणाला, "पणजी, आज सोमवार."

आजीने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे.

"बरं बाबा," आजी म्हणाली, "बुधवारी करते फोन."