त्याच होडीत पुन्हा

एफ. डब्ल्यू. मुर्नाव या जर्मन दिग्दर्शकाचा हॉलिवूडमधला पहिला चित्रपट ‘सनराइज’, १९२७ सालचा. नवरा, बायको आणि शहरातून आलेली बाई. तिघांनाही नावं नाहीत. बायकोला तळ्यात बुडव, शेत विक आणि माझ्याबरोबर चल, असं ती बाई नवऱ्याला सुचवते. बुडवण्याचे शब्द पडद्यावर उमटतात आणि त्यांची अक्षरंच ओघळून खाली जातात. होडी उलटवल्यावर आपल्याला तरंगता यावं म्हणून तो लव्हाळ्यांची मोळी होडीत लपवून ठेवतो. त्याची चाल जड दिसावी म्हणून मुर्नावने नवऱ्याची भूमिका करणाऱ्या जॉर्ज ओब्रायनच्या बुटांत शिसं भरलं होतं. मनात खून बाळगणारा माणूस असाच चालत असेल.

भर तळ्यात तो बायकोच्या अंगावर येतो. ती हात जोडते. त्याच्याने ते होत नाही.

नवरा कुणाची निवड करणार, यावर बहुतेक प्रेमत्रिकोण शेवटपर्यंत ताणलेले असतात. इथे तो प्रश्न होडीतच मिटतो आणि मग खरा अवघड प्रश्न पुढे येतो: त्या माणसाशेजारी ती पुन्हा बसेल कशी? होडी काठाला लागताच ती पळत जाऊन ट्राम गाठते, तोही मागोमाग चढतो. खिडकीबाहेर झाडं, तळं सरत जातात, हळूहळू शहर येतं आणि दोघांत एक शब्द नाही. उपाहारगृहात तो खाण्याची बशी तिच्यापुढे सरकवतो. ती तुकडा उचलते, पण रडू फुटतं. मूकपट नसता, तर इथे कुणीतरी माफीचे संवाद लिहून ठेवले असते. बायकोच्या भूमिकेतल्या जेनेट गेनरचा चेहरा बघताना कळतं की त्या घडीला कुठलीच माफी तिच्या भीतीपर्यंत पोचली नसती. पहिल्या ऑस्करमध्ये तिला सर्वोत्तम अभिनेत्रीचा सन्मान मिळाला, तो तीन चित्रपटांसाठी. त्यांतला एक हा.

मग चर्चमध्ये परक्यांचं लग्न बघताना तो कोसळतो आणि ती त्याला जवळ घेते. एवढ्या लवकर? मला ते अजूनही खुपतं. पण परतताना ती त्याच होडीत त्याला बिलगून बसते, तेव्हा तिच्या धैर्यापुढे माझी तक्रार लहान वाटते.

वाटेत वादळ उठतं, तेव्हा तो तीच लव्हाळी तिच्या अंगाला बांधतो. हर्मान झुडरमानच्या मूळ कथेत नवरा बुडतो. मुर्नावने त्याला वाचवलं, आणि त्याबरोबर एक ओझंही दिलं. वादळात बायको गेली असं समजून तो शहरातल्या बाईचा गळा आवळतो. बायको जिवंत असल्याची हाक येते, तेव्हा कुठे त्याची बोटं सुटतात. म्हणजे ते हात अजून तेच आहेत. बायकोने हे पाहिलेलं नाही. त्याने ते तिला स्वतःहून सांगावं, असं मला फार वाटतं. तिने विश्वास टाकला तो ज्याचं सगळं तिला ठाऊक होतं अशा माणसावर, आणि हे तिला ठाऊक नाही.