ओट्याची उंची

यंदा भाद्रपदात आमच्या स्वयंपाकघरात गवंडी शिरला आणि संसार अंगणात आला. तीन दगड मांडून सौ. भाकऱ्या भाजू लागली. माझ्या कादंबरीच्या कागदांवर पिठाचा डबा येऊन बसला. त्यांना प्रथमच काही वजन आले!

आईची चूल उखडली तेव्हा मात्र विनोद सुचेना. दर दिवाळीआधी भीमेकाठचा पोयटा आणून ती चूल सारवायची, वैल नीट करायची. धुराने तिचे डोळे अधू झाले, म्हणून चुलीचे गोडवे मी गाणार नाही. धूर बाहेर नेणारी मगनचूल वर्ध्याच्या मगनवाडीने केव्हाच काढली होती. मांडवगणातल्या आमच्या घरात ती आली नाही, कारण आणायला हवी होती ती आम्ही पुरुषांनी.

"गुरुजी, वटा किती उंच घ्यायचा?" गवंड्याने विचारले. मुलांना मोजमापे शिकवणारा मी, झटकन म्हणालो, "३६ इंच."

ते माप माझ्या कमरेचे होते.

पहिल्याच दिवशी सौ. चवड्यांवर उभी राहून आमटी ढवळताना दिसली. आई म्हणाली, "चुलीम्होरं बसलं की समदं घर दिसायचं रं. हितं निस्ती भिंत दिसती."

कादंबऱ्यांतल्या नायिकांच्या भुवयासुद्धा मी वर्णिल्या. घरातल्या दोघींची उंची मला ठाऊक नव्हती.

गवंड्याला पुन्हा बोलावले आहे. आईसाठी दाराशी बैठा ओटा व्हायचा आहे. या खेपेला टेप सौ.च्या हातात आहे.