दातांतली अक्षरे

आमच्या मांडव्याकडे म्हातारपणी दात पडले की माणसे म्हणतात, "आता मऊ भात-कालवण खायचे, दात हवेत कशाला?" दात फक्त चावण्यासाठी, असा समज. आम्ही उर्दू शाळेत शिकवणारे. आम्हाला दातांचा दुसराही हिशेब ठाऊक आहे. मराठी व्याकरण त, थ, द, ध यांना दंत्य म्हणते. अरबी 'से' आणि 'झाल' म्हणताना जिभेचे टोक वरच्या पुढच्या दातांच्या कडेला लागावे लागते. उर्दू बोलताना नुसता स आणि झ चालून जातो; तिलावतीत चालत नाही. 'फे'साठी वरचे दात खालच्या ओठावर टेकावे लागतात. दात गेले की मखरजच हरवतो.

आमच्या खाला मोहल्ल्यातल्या मुलांना नाजरा शिकवीत. पुढचे दात गेले तेव्हा त्यांनी मुलांना घरी पाठवले. "माझे ऐकून त्यांचेही चुकेल," एवढेच म्हणाल्या. मग आम्ही त्यांना लाँचने मुंबईला दंतवैद्याकडे नेले.

पूर्ण कवळी एका फेरीत होत नाही. चार-पाच फेऱ्या लागतात. पहिले माप अल्जिनेटचे. ते समुद्री शेवाळापासून काढतात. दुसऱ्या महायुद्धात जपानचा अगर मिळेनासा झाला, तेव्हा दंतवैद्य त्याच्याकडे वळले. खाला म्हणाल्या, "म्हणजे दर्याच तोंडात आला की!" दुसऱ्या मापाच्या लेपात लवंगतेलातले युजेनॉल होते, तो वास त्यांच्या ओळखीचा. पुढे मेणात दात बसवून पाहतात आणि शेवटी मेणाच्या जागी अ‍ॅक्रिलिक भरतात.

मेणाच्या चाचणीत डॉक्टरांनी खालांना फ, व, स म्हणायला लावले. वरचे दात किती लांब हवेत, ते 'फ'वरून ठरते. तिथे आम्हाला आमचाच वर्ग आठवला.

वरची कवळी टाळूला धरून राहते, खालची मात्र जीभ उचलते. २००२ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी खालच्या कवळीला दोन इम्प्लांटचा आधार द्यावा, अशी शिफारस केली. ते आमच्या आवाक्याबाहेरचे. खालांनी रोज मोठ्याने वाचून जिभेला सवय लावली. काही आठवड्यांनी मुले परत येऊ लागली.

दात गेल्यावर जबड्याचे हाड झिजत जाते. जितका उशीर, तितका कवळीला आधार कमी. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना "आता दात कशाला" म्हणण्याआधी त्यांना काय बोलायचे राहिले आहे, ते विचारावे.