सुधारित अंदाज

साहित्याच्या अध्यापकाने कंपन्यांची आर्थिक निवेदने वाचावीत, अशी अपेक्षा कोणत्याच अभ्यासक्रमात नसते. माझ्यावर ती वेळ २०२१ च्या हिवाळ्यात आली आणि तीही एका कॅमेऱ्यापायी. तो कॅमेरा कशासाठी हवा होता, हे आधी सांगायला हवे.

मला मराठी शिकवणाऱ्या सरांकडे जात्यावरच्या ओव्यांच्या अकरा वह्या आहेत. सुट्ट्यांमध्ये खेडोपाडी हिंडून, बायकांच्या तोंडून ऐकून त्यांनी त्या उतरवून घेतल्या. ओव्या शाईने लिहिलेल्या आहेत. समासात मात्र पेन्सिलीने, मुंगीएवढ्या अक्षरांत टिपणे आहेत. सांगणारीचे नाव, तिचे सासर-माहेर, पाठभेद, कोणती ओळ तिने दोनदा म्हटली, असे बरेच काही, आणि तेही सरांनी स्वतःपुरत्या घडवलेल्या खुणांत. शाई टिकली होती, पेन्सिल विरत चालली होती. पानांची छायाचित्रे घ्यावीत आणि सरांच्या शेजारी बसून त्या खुणा उलगडून लिहून काढाव्यात, असे आमचे ठरले. तेव्हा सरांनी ऐंशी ओलांडली होती.

मी मोबाइलवर दोन पाने टिपून पाहिली. शाई उत्तम उमटली, पेन्सिल मात्र निम्मीच आली. कमी उजेडात मोबाइल चित्रातली रवाळ कणकण काढून टाकतो, आणि त्या साफसफाईत पुसट रेघही कचरा समजून बुजवतो. मी म्हटले, ''सर, चांगला कॅमेरा घेतो. मग सगळे एकदमच करू.'' सर म्हणाले, ''घे. पण फार वाट पाहायला लावू नकोस.''

दुकानदाराकडे आगाऊ रक्कम भरली. दिवाळीनंतर येईल असे तो म्हणाला. दिवाळीनंतर तो संक्रांत म्हणाला, संक्रांतीला पाडवा. कारण प्रत्येक वेळी एकच : ''वरूनच माल येत नाही.'' हे 'वर' नेमके कुठे आहे, याचा शोध घेता घेता मी जपानी कॅमेरा-कंपन्यांच्या विक्रीच्या अंदाजांपाशी पोहोचलो.

तिथले चित्र विलक्षण होते. २०१० साली जगभरच्या बाजारात १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे पाठवले गेले होते. २०२१ साली ती संख्या ८४ लाखांच्या आत आली. खिशातल्या छोट्या कॅमेऱ्याची जागा मोबाइलने घेतली, एवढे आपल्याला ठाऊक असते. पण बाजार असा आटत असतानाच उत्पादनावरही घाव पडत होते. मार्च २०११ च्या भूकंपात निकॉनचा सेंदाई भागातला कारखाना बंद पडला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये थायलंडमधल्या अयुथ्थयाचा कारखाना पुराच्या पाण्यात गेला. एप्रिल २०१६ च्या कुमामोतो भूकंपाने सोनीचा सेन्सरांचा कारखाना थांबवला आणि सोनीकडून सेन्सर घेणारे इतर उत्पादकही अडकले. २०२१ मध्ये सेमीकंडक्टर चिपांचा दुष्काळ पडला. सोनीने काही कॅमेऱ्यांची मागणी नोंदवून घेणेच थांबवले. निकॉनने आपला नवा 'झेड ९' मागणीइतका पुरवता येत नाही म्हणून ग्राहकांची क्षमा मागितली. ग्राहक रांगेत उभा आहे आणि द्यायला वस्तू नाही, ही अवस्था आटत्या बाजारात यावी, हा विरोधाभास कोणाही कथाकाराला मोहात पाडील.

पण मला खिळवून ठेवले ते त्या निवेदनांच्या भाषेने. वर्षाच्या आरंभी एक अंदाज मांडला जातो. तीन महिन्यांनी त्याशेजारी दुसरा स्तंभ येतो : 'सुधारित अंदाज'. पुढच्या तिमाहीत आणखी एक. चूक झाली, असे कुठेही म्हटलेले नसते; 'परिस्थितीत बदल झाला' असे असते. वाक्यांना कर्ता नसतो. सुटे भाग मिळाले 'नाहीत', उत्पादन 'लांबले', पदार्पण 'पुढे ढकलण्यात आले'. जणू सारे आपोआप घडत जाते. आणि शेवटी एक कायमची तळटीप : प्रत्यक्ष निकाल या अंदाजांहून वेगळे असू शकतील. आकडा ठाम आणि वाक्य निसरडे, हा या लेखनप्रकाराचा विशेष म्हणावा लागेल. आपण कवितेतल्या अनिश्चिततेविषयी इतके बोलतो. इथे अनिश्चिततेलाच कोष्टकात बसवलेले असते.

निकॉनच्या 'डीएल' मालिकेची गोष्ट या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये तीन कॅमेरे जाहीर झाले. आधी प्रतिमा घडवणाऱ्या चिपेत अडचण आली, मग कुमामोतोचा भूकंप, मग विलंबामागून विलंब. फेब्रुवारी २०१७ मध्ये तिन्ही रद्द झाले. कारण असे सांगितले गेले की विकासाचा खर्च वाढला आणि बाजार मंदावल्यामुळे अपेक्षित विक्रीचा आकडा घटला. म्हणजे ते कॅमेरे विकले गेले नाहीत म्हणून संपले, असे नव्हे. ते विकले जाणार नाहीत या अंदाजाने संपले. सुट्या भागांसाठी थांबता थांबता ज्या बाजारासाठी ते घडवले जात होते, तो बाजारच निघून गेला.

या साऱ्यातून कंपन्यांनी जो मार्ग काढला, तो हिशेबाच्या दृष्टीने चोख होता. मार्च २०२१ ला संपलेल्या वर्षात निकॉनचा कॅमेरा-विभाग मोठ्या तोट्यात होता. पुढच्याच वर्षी, आधीपेक्षा कमी कॅमेरे विकून, तो नफ्यात आला. व्यावसायिकांसाठी आणि निष्ठावंत हौशी मंडळींसाठी महागडी उपकरणे घडवायची, स्वस्त टोक सोडून द्यायचे, हे ते सूत्र. जगाचा हिशेबही तसाच झाला : २०२१ मध्ये कॅमेरे २०२० पेक्षा कमी गेले, त्यांचे मोल मात्र वाढले. आमच्या घरी वडिलांचा 'आग्फा क्लिक थ्री' होता, बडोद्यात बनलेला, एका रोलमध्ये बारा फोटो देणारा. साधारण माणसाच्या हाती येईल असा कॅमेरा ही कल्पना त्याच्यात होती. सुधारित अंदाजांच्या स्तंभांतून ती कल्पना हळूहळू वगळली गेली. (२०२४ मध्ये छोट्या कॅमेऱ्यांची संख्या पुन्हा थोडी वाढली, तरुणांना त्यांची ओढ वाटू लागली, हेही नोंदवायला हवे. अंदाज उलट्या दिशेनेही चुकतात.)

असो. हे सारे मी वाचत होतो, त्याची टिपणे काढत होतो, आणि सरांना दर सणाला माझा सुधारित अंदाज कळवत होतो. ''कॅमेऱ्याचं काय झालं?'' असे ते विचारत. मी त्यांना चिपांचा तुटवडा समजावून सांगे. ते शांतपणे ऐकून घेत.

२०२२ च्या जूनमध्ये कॅमेरा आला. तोवर सरांच्या डोळ्यांच्या पडद्याची मधल्या भागात झीज झाली होती. कडेकडेचे दिसते, ज्याच्याकडे पाहावे, तेच दिसत नाही. पहिल्या पानाचे छायाचित्र मी त्यांच्यापुढे मोठे करून धरले. पेन्सिलीची रेघ न् रेघ स्वच्छ आली होती. त्यांनी मान तिरपी करून पाहिले आणि म्हणाले, ''समास आहे एवढं कळतं रे. त्यात काय लिहिलंय, ते नाही कळत.''

माझ्याही वाक्यांना कर्ता नव्हता, हे मला तेव्हा उमगले. माल आला नाही, काम लांबले, परिस्थिती बदलली. प्रत्यक्षात मोबाइल माझ्या खिशात होता, वह्या पंधरा मिनिटांच्या अंतरावर होत्या आणि सरांचे डोळे शाबूत होते. छायाचित्रे नंतरही घेता आली असती. आधी त्यांच्याशेजारी बसून नुसते वाचायला हवे होते. त्याला कसलाही सुटा भाग लागत नव्हता. तुटवडा खरा होता, पण तो माझ्या आळसाला इतका सोयीचा ठरला की दोन्ही वेगळे करणे मला जमले नाही.

आता आम्ही उलट्या बाजूने काम करतो. मी ओवी मोठ्याने वाचतो आणि समासातली खूण कशी दिसते ते सांगतो. नावे त्यांना बहुतेक आठवतात, काही खुणा मात्र वर्णनाने कळत नाहीत. एक खूण अनेक पानांवर येते : लहानसे वर्तुळ आणि त्याला छेदणारी आडवी रेघ. सांगून उमजेना, तेव्हा एकदा मी ती बोटाने त्यांच्या तळहातावर काढली. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ''इथं ती थांबली होती. आठवत नव्हतं म्हणून नव्हे. पुढचं पुरुषासमोर म्हणायचं नव्हतं.''

सध्या सातवी वही चालू आहे. उरलेल्या केव्हा होतील, असे कुणी विचारले तर मी आता तारीख सांगत नाही. गुरुवारी पुन्हा जायचे आहे.