आई गांवाला गेली

बहीण वारली आणि सहा वर्षांचा भाचा राजारामपुरींत आमच्या घरीं आला. "आई गांवाला गेली आहे," असें आम्हीं त्याला सांगून ठेविलें. दयेपोटीं बोललेलें असत्य तें असत्य नव्हे, अशी आमची समजूत! पोर रोज सायंकाळीं फाटकापाशीं उभें राही. एके दिवशीं त्यानें विचारलें, "मामा, मी वाईट वागलों म्हणून ती येत नाहीं का?"

त्या रात्रीं आम्हांस झोप आली नाहीं. ज्या राजाराम महाराजांच्या नांवानें ही वसाहत ओळखली जाते, त्यांचे धाकटे बंधु शिवाजी हे १९१८ सालीं शिकारींतील अपघातांत निवर्तले. त्यांच्या पत्नी इंदुमतीदेवी तेव्हां अवघ्या ११ वर्षांच्या. शाहू महाराज स्वतः पुत्रशोकांत बुडालेले. तरी सुनेस त्यांनीं अंधाऱ्या खोलींत बसविलें नाहीं. सोनतळीस तिच्या शिक्षणाची व्यवस्था केली, सोबतीस मुली दिल्या. तशा अंधाऱ्या खोल्या आपल्याही घरांत होत्या, हें वाचकांस सांगावयास नको.

सकाळीं भाच्यास मांडीवर घेऊन खरें तें सांगितलें. "आई वारली. यांत तुझा अपराध नाहीं."

"वारली म्हणजे झोपली?"

"नाहीं रे. झोपलेलें माणूस उठतें."

तो रडला नाहीं. चेंडू घेऊन अंगणांत गेला. आम्हांस क्षणभर रागच आला. मुलें दुःख असें घांसाघांसानें गिळतात, हें मागाहून उमगलें. रात्रीं त्यानें आईची साडी मागितली. ती अद्याप त्याच्या उशाशीं आहे. धुवावयास काढली कीं ओरडतो.