पाणी लपवणाऱ्या बाई

यॉर्कशायर डेल्समधल्या चुनखडीला भेटायला जाणार असाल तर रेनकोट घ्या आणि प्यायचं पाणीही घ्या. दोन्ही एकदमच लागतात. नोव्हेंबरात इथलं आभाळ दिवसभर गळत असतं. टोपी निथळते, बूट चपाचपा वाजतात, आणि पाठीवर सॅक टाकून एकट्याने निघालेल्या माणसाला बाटली भरण्यापुरता ओहोळ मात्र सापडत नाही. पडलेला थेंब न् थेंब या बाईंनी आत नेऊन ठेवलेला असतो.

सह्याद्रीत पाय मुरलेल्यांना हा स्वभाव कळायला वेळ लागतो. आपला काळा कातळ पाण्याच्या बाबतीत सज्जन. त्यात टाकं खोदा, तो पाणी राखून ठेवील. गडागडांवरची टाकी याच भरवशावर खोदलेली. चुनखडीबाईंकडे असला भरवसा चालत नाही. हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळला की किंचित आंबट पाणी तयार होतं, आणि त्याच्यापुढे बाई विरघळतात. अक्षरशः. चिरा रुंदावत जातात, चिरांची भगदाडं होतात, आणि सगळा पाऊस तळघरात रवाना.

मॅलम गावाच्या वर, ३७७ मीटर उंचीवर, एक मोठं तळं आहे. चुनखडीच्या मुलखात तळं कसं, असं कुणी विचारलंच तर उत्तर सरळ आहे: त्याच्या तळाशी बाई नाहीतच, जुन्या पाटीच्या दगडाचा थर आहे. तळ्यातून निघालेला ओढा खळाळत दक्षिणेला येतो, चुनखडीवर पाऊल टाकतो आणि थोड्याच अंतरावर दगडगोट्यांत गडप होतो. तो जिथे बुडतो तिथून पुढे कोरडी दरी सुरू होते, आणि तिच्या टोकाला मॅलम कोव्ह हा सुमारे ८० मीटर उंचीचा पांढरा अर्धगोल कडा. कड्याच्या पायथ्यातून एक ओढा बाहेर पडतो. वर बुडालं ते खाली निघालं, असं कुणीही शहाणा माणूस म्हणेल. तिथेच फसेल. पाण्यात रंग सोडून माग काढला तेव्हा कळलं, की तळ्याचं पाणी कड्याला वळसा देऊन गावाच्याही पलीकडे, एअर नदीच्या उगमझऱ्यांत वर येतं. कड्याखालचा ओढा दुसरीकडूनच आलेला. बाईंच्या घरात कोणती वाट कुठे निघते, हे बाहेरून पाहून सांगू नये.

एवढ्या आतल्या गाठीच्या बाई, पण एकदा त्यांचाही तोल गेला. डिसेंबर २०१५ मध्ये डेझमंड वादळाने इतकं पाणी ओतलं, की तळघरं तुडुंब भरली आणि कोव्हच्या माथ्यावरून धबधबा कोसळू लागला. हयात माणसांपैकी कुणी तो पाहिलेला नव्हता. थोड्या वेळात बाईंनी स्वतःला सावरलं. कडा पुन्हा कोरडा.

दिसण्याची हौस मात्र दांडगी. शेजारच्या गॉर्डेल स्कार या घळीने जेम्स वॉर्ड नावाच्या चित्रकाराकडून १८१२ ते १८१४ या काळात स्वतःचं चित्र काढून घेतलं, तेही अंदाजे ११ बाय १४ फुटांचं. लहान चौकटीत मावणं त्यांना कमीपणाचं वाटलं असणार. ते लंडनच्या टेट संग्रहात आहे. कोव्हचा माथा अलीकडे हॅरी पॉटरच्या सिनेमातही झळकला. शिवाय उशिराच्या शरदात, आसपासची पाणथळ माळरानं तपकिरी पडली असताना, बाईंच्या अंगावरचं गवत हिरवंगार असतं. पाणी मुरवून टाकण्याचा हा फायदा. चारच्या सुमाराला सूर्य बुडतो. त्याच्या आधी तासभर तिरकं ऊन पडलं तर पांढऱ्या कड्यांचा थाट बघावा. ऊन पडलं तर.

यॉर्कशायरच्या लोकांना या बाईंचा फार अभिमान. पण त्या मूळच्या तिथल्या नव्हेत. माहेर विषुववृत्ताजवळचं, उथळ आणि कोमट समुद्रातलं, सुमारे ३३ कोटी वर्षांपूर्वीचं. शिंपले, प्रवाळ, समुद्रलिलींचे तुकडे अजून अंगात जपून ठेवलेत. गडग्याला टेकून बिस्किटं खाताना ते दिसतात. डोक्यावरची टोपीसुद्धा परकी आहे. इंगलबरो आणि पेनिगेंट या डोंगरांचे माथे काळसर, खरबरीत वालुकाश्माचे. त्या टोपीवर पाणी साचतं, चिखल होतो, घोट्यापर्यंत पाय रुततो. टोपीवरून ओघळून आलेलं पाणी चुनखडीला भेटलं, की पुढचं तुम्हाला माहीत आहे.

याचा सगळ्यात जबरदस्त नमुना इंगलबरोच्या उतारावर. तिथे फेल बेक नावाचा ओढा एका विवरात सुमारे १०० मीटर सरळ खाली कोसळतो. त्याला गेपिंग गिल म्हणतात. तळापर्यंत पहिल्यांदा उतरला तो १८९५ मध्ये, एदुआर्द मार्तेल, आणि तोही फ्रेंच! स्थानिक मंडळींच्या मनाला ते किती लागलं असेल, याची कल्पना करावी. हल्ली गुहाप्रेमींचे क्लब मे आणि ऑगस्टमध्ये यारी लावून पाहुण्यांना खाली सोडतात. नोव्हेंबरात एकट्या वाटसरूने कुंपणाबाहेरून नमस्कार करावा आणि पुढे व्हावं.

खरी भीती विवरांची नाही, ती चालायच्या जागेचीच. हिमनद्यांनी माती खरवडून नेली, तिथे डोंगरमाथ्यावर कुणी फरशी बसवून ठेवल्यासारखा उघडा दगड दिसतो. फरशीच्या फटी कधी गुडघ्याइतक्या, कधी माणसाच्या उंचीच्या. आत वाकून पाहिलं तर हिवाळ्याच्या तोंडावरही जिभेसारख्या पानांचे नेचे टवटवीत असतात. पण वाकताना सॅकचं वजन लक्षात ठेवा. असंख्य बुटांनी घासून गुळगुळीत झालेला हा दगड ओला झाला की बाई पाहुण्याचा मुलाहिजा ठेवत नाहीत, आणि या दिवसांत हाक मारली तर ओ द्यायला मेंढ्याच असतात. त्यांचं लक्ष दुसरीकडे. हा त्यांच्या लग्नसराईचा मोसम. मेंढ्याच्या छातीला रंग फासलेला असतो आणि ज्या मेंढीच्या पाठीवर तो उमटला, तिचं जमलं असं मेंढपाळ समजतो. बाकी, या फरशीवर माणसांनीही अत्याचार केले. बागेत शोभेला म्हणून ती उखडून नेली. शेवटी १९८१ च्या कायद्याने तिला संरक्षण मिळण्याची सोय झाली.

गडग्यांबद्दल सांगायलाच हवं. कोकणातल्यासारखेच, दगडावर दगड, मध्ये चिकटवायला काही नाही. ज्या बाईंना भट्टीत भाजून चुना काढला, शेतांत पसरला, त्यांच्याच अंगच्या भिंतींना चुन्याचा लेप नाही. वारा सुटला की या गडग्यांसारखा आसरा दुसरा नाही. पण ते ओलांडायला मध्ये ज्या फटी ठेवल्यात, त्या मेंढीला अडवण्याच्या मापाच्या. माणूस आडवा होऊन पलीकडे जातो, सॅक अलीकडेच राहते. मग सॅक उतरवा, वर ढकला, चिखलात पडू द्या. पुढच्या गडग्याशी पुन्हा तेच. घाईचा माणूस बाईंना आवडत नाही.

संध्याकाळी एखाद्या आडबाजूच्या घरी उतरलात आणि तिथलं पाणी झऱ्याचं असलं, तर किटलीत डोकावून पाहा. आतून पांढरी खरबरीत पुटं चढलेली असतात. घरमालकीण दर थोड्या दिवसांनी व्हिनेगर घालून ती खरवडते आणि बाई पुन्हा येऊन बसतात. चहावरही पातळ साय धरते, दुधाची नव्हे. दिवसभर पाण्यासाठी ज्यांनी वणवण करायला लावली, त्या संध्याकाळी अशा कपात येतात. गाळून घ्यायचा विचार करू नका. त्या पाण्यात विरघळून आल्यात, गाळणीला दाद देणार नाहीत.